ग्रिफन कसा असतो, ते चित्रात पाहा

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

लुईस कॅरल यांच्या ‘अ‍ॅलिस इन वंडरलँड’ या बालकथेच्या आणखी एका सचित्र आवृत्तीच्या निमित्ताने आपल्या पत्रस्तंभात एका वाचकाने विचारले होते की, पहिल्या आवृत्तीतली जॉन टेनिएलची मूळ चित्रे असताना दर काही वर्षांनी नवी चित्रे कशाला, आणि हा निव्वळ बाजार नव्हे काय? बाजार आहेच, तो नाकारण्यात अर्थ नाही. १८६५ साली निघालेल्या या पुस्तकाचा ब्रिटनमधील स्वामित्वहक्क बेचाळीस वर्षांनी, १९०७ मध्ये संपला आणि त्याच वर्षी आर्थर रॅकहॅम यांच्यासह अनेक चित्रकारांच्या आवृत्त्या दुकानांत दाखल झाल्या. (टेनिएलची चित्रे बेचाळीस, हक्काची वर्षे बेचाळीस आणि गोष्टीतला राजा भर न्यायालयात वाचून दाखवतो तो नियमही बेचाळिसावाच; कॅरल गणिताचे अध्यापक होते, त्यांच्या पुस्तकाला हे शोभूनच दिसते.) परंतु हक्क संपलेली पुस्तके हजारो आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांकडे कोणी चित्रकार वळूनही पाहत नाही. मग याच पुस्तकाकडे सगळे का वळतात, याचे उत्तर मला तरी बाजारात सापडत नाही. ते पुस्तकाच्या मजकुरात सापडते.

मुळात ‘मूळ चित्रे’ हा शब्दच येथे जपून वापरायला हवा. ४ जुलै १८६२ रोजी ऑक्सफर्डजवळ नौकाविहार करताना चार्ल्स डॉजसन, म्हणजेच लुईस कॅरल यांनी ही गोष्ट तीन बहिणींना तोंडी सांगितली. पुढे त्यांतल्या अ‍ॅलिस लिडेलसाठी त्यांनी ती स्वतःच्या हाताने लिहून काढली आणि तिच्यात स्वतःच सदतीस चित्रे रेखाटली. टेनिएल आले ते त्यानंतर. म्हणजे ज्यांना आपण मूळ समजतो ती चित्रे हाच या गोष्टीचा पहिला पुनर्विचार होता.

कॅरल यांनी चित्रकारासाठी जागा मोकळी ठेवली, आणि तीही जाणूनबुजून. चित्रे आणि संवाद नसलेल्या पुस्तकाचा उपयोग काय, असा प्रश्न अ‍ॅलिसला पहिल्याच परिच्छेदात पडतो. नवव्या प्रकरणात ग्रिफन नावाचा प्राणी उन्हात झोपलेला भेटतो, तेव्हा लेखक त्याचे वर्णन करण्याऐवजी कंसात सरळ सांगून टाकतो की, ग्रिफन म्हणजे काय हे ठाऊक नसेल तर चित्र पाहा. खुद्द अ‍ॅलिस दिसते कशी, हेही मजकुरात जवळजवळ नाही. मात्र ती कधी तीन इंचांची होते आणि कधी नऊ फुटांहून उंच, हे अगदी मोजून सांगितलेले आहे. चेशायरचे मांजर शेपटीपासून अदृश्य होत जाते आणि शेवटी नुसते हसू उरते. हे वाक्य लिहायला सोपे आहे, पण मांजराशिवाय मांजराचे हसू काढायचे कसे, हा प्रश्न प्रत्येक चित्रकारासमोर कोऱ्या कागदाइतकाच नवा असतो. स्पॅनिश चित्रकार साल्वादोर दाली यांनी १९६९ मध्ये अ‍ॅलिसला दोरीवरच्या उड्या मारणारी एक छोटीशी आकृती करून टाकले आणि चहापानाच्या प्रसंगी वितळत्या घड्याळाचेच टेबल मांडले. जपानी चित्रकर्ती यायोई कुसामा यांनी २०१२ मध्ये आपले नेहमीचे ठिपके आणले. दोघांनीही मजकूर मोडला नाही, कारण मोडण्याजोगे रूप मजकुरात नव्हतेच.

गिरगावातल्या एका वाचनालयात उन्हाळी सुट्टीत मी मुलांचा चित्रकलेचा वर्ग घेत असे. एका वर्षी मी या गोष्टीतले काही भाग मराठीत वाचून दाखवले आणि पुस्तक मिटून ठेवले. ग्रिफन म्हणून एका मुलाने हातगाडीखाली झोपणारा कुत्रा काढला आणि त्याला पंख चिकटवले. एका मुलीने चाळीच्या गॅलरीच्या कठड्यावर अख्खे मांजर काढले, मग खोडरबराने ते शेपटीकडून पुसत आणले, दातांपाशी थांबली आणि कागदावर उरलेला काळपट डाग तसाच राहू दिला. अ‍ॅलिसचा फ्रॉक मात्र बहुतेकांनी निळाच रंगवला. तो कॅरल यांनी सांगितलेला नाही. १८९० साली लहान मुलांसाठी टेनिएलचीच चित्रे रंगीत करून जी आवृत्ती काढली, तिच्यात तो पिवळा आहे. निळा रंग पुढे रूढ झाला आणि १९५१च्या डिस्नेच्या चित्रपटाने तो जगभर पक्का केला. राजा रविवर्मा यांच्या छापखान्यातून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतींनी आपल्या देव्हाऱ्यातली रूपे अशीच ठरवून टाकली. एकदा असे चित्र घरोघरी पोहोचले की मजकुरातली मोकळी जागा बुजते, आणि ती पुन्हा मोकळी करण्यासाठी दुसऱ्या चित्रकाराची गरज लागते.

त्या वाचकाच्या पत्रातले एक वाक्य मात्र मला पटले: इंग्रजी पुस्तकाचे एवढे कौतुक कशासाठी? खरोखरच, आपल्या भाषेतल्या बालकथांची नवी आवृत्ती निघते तेव्हा बहुधा मुखपृष्ठ तेवढे बदलते. आत तीच जुनी, पुन्हा पुन्हा छापून पुसट झालेली चित्रे असतात, आणि ती कोणी काढली हे पुस्तकातही शोधावे लागते. माझ्या स्वतःच्या चित्रांचे एक छोटे पुस्तक एका प्रकाशकाने काढले होते, त्यात लेखकाचे नाव तीन ठिकाणी होते, माझे कोठेच नव्हते. आपल्या पुरवणीत बालपुस्तकांची जी परीक्षणे येतात त्यांत किंमत आणि पृष्ठसंख्या छापतात त्याच ओळीत चित्रकाराचे नावही छापावे, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका,
गिरगाव, मुंबई