छोट्या मालवाहू गाडीच्या ग्राहकाला पूर्ण माहिती द्या

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गुढीपाडवा किंवा दसरा जवळ आला की बहुतेक मराठी वृत्तपत्रे वाहनविषयक पुरवणी काढतात. घरगुती मोटारींची त्यांत तपशीलवार ओळख असते, छतावरच्या काचेपासून स्पीकरच्या संख्येपर्यंत सगळे छापून येते. परंतु ज्या गाडीच्या जोरावर एखादा इलेक्ट्रिशियन, दूधवाला, बेकरीवाला किंवा आंबा बागायतदार आपले घर चालवतो, त्या छोट्या मालवाहू गाडीबद्दल तेथे चार ओळीही क्वचितच सापडतात. लांजा तालुक्यात माझा शेतीपंप दुरुस्तीचा आणि पाइप-फिटिंगचा व्यवसाय आहे. जुनी गाडी आता थकली असल्यामुळे नवी छोटी डिझेल व्हॅन घ्यावी, या विचाराने गेले काही महिने मी रत्नागिरी आणि कोल्हापूर येथील एजन्सींमध्ये चौकशी करीत आहे. त्यातून एक गोष्ट ठळकपणे लक्षात आली, ती अशी की आयुष्यभराच्या बचतीतून आणि बँकेच्या कर्जातून होणारी ही खरेदी ग्राहकाला अपुऱ्या माहितीवर करावी लागते, आणि ही माहिती देण्याची जबाबदारी ना विक्रेत्यावर निश्चित झाली आहे, ना शासनाने स्वतःकडे घेतली आहे.

आमच्या कामाला बंद बॉडीची गाडी का लागते, हे आधी सांगतो. जून ते सप्टेंबर या काळात कोकणात जो पाऊस पडतो, त्यात वाइंडिंग केलेली मोटर, तांब्याच्या तारेची रिळे, स्टार्टर आणि पॅनेल ताडपत्रीखाली कोरडे राहत नाहीत. ताडपत्रीच्या कोपऱ्यातून झिरपलेले पाणी स्टार्टरच्या पेटीत साचते आणि ग्राहकाच्या विहिरीवर पोहोचल्यावर पहिला अर्धा तास ते पुसण्यात जातो. शिवाय पीव्हीसी पाइप सहा मीटर लांबीचा येतो, म्हणजे तो छपरावरच्या कॅरिअरवर बांधावा लागतो आणि त्यासाठी छप्पर मजबूत हवे. बागेपर्यंतचा रस्ता लाल मातीचा, चढाचा आणि पावसाळ्यात घसरडा असतो. माल कोल्हापूरहून आणायचा तर आंबा घाट चढून-उतरून यायचे. भरलेली गाडी अशा चढावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये बराच वेळ ओढत नेण्यासाठी इंजिनाला कमी फेऱ्यांवर ताकद लागते, आणि ती डिझेल इंजिन देते. डिझेलविषयीची आमची ओढ ही जुनी सवय नसून या कामाची गरज आहे.

नेमकी अशी गाडी मात्र बाजारातून जवळजवळ नाहीशी झाली आहे. २००५ साली टाटा मोटर्सने पुण्यात घडवलेली एस, म्हणजे आपला ‘छोटा हत्ती’, ७०२ सीसीच्या दोन सिलिंडरच्या डिझेल इंजिनासह बाजारात आली आणि तीनचाकी टेम्पोवर अवलंबून असलेल्या हजारो व्यावसायिकांना पहिल्यांदा चार चाके परवडली. त्यानंतर २०११ मध्ये अशोक लेलँडची दोस्त आली, २०१५ मध्ये महिंद्राची जीतो आली, २०१६ मध्ये मारुतीने ७९३ सीसी डिझेल इंजिनाची सुपर कॅरी आणली. त्या दशकात छोट्या डिझेल गाडीच्या ग्राहकासमोर खरोखर निवड होती. १ एप्रिल २०२० पासून वाहनांच्या धुराविषयीचे भारत स्टेज सहाचे (बीएस-६) निकष लागू झाले, धूर शुद्ध करण्याची यंत्रणा बसवण्याचा खर्च छोट्या इंजिनाला जड झाला आणि मारुतीने डिझेल इंजिने पूर्णपणे थांबवली. बंद बॉडीची जी ईको आज गावोगाव दिसते, ती पेट्रोल आणि सीएनजीवरच मिळते. डिझेल हवे असेल तर उघड्या हौद्याचा मिनी ट्रक किंवा त्याहून मोठा पिकअप घ्यायचा आणि त्यावर बॉडी बांधून घ्यायची, एवढाच मार्ग बहुतेकांपुढे उरतो. निकषांविरुद्ध माझी तक्रार नाही. हवा आम्हीही त्याच नाकाने घेतो, आणि जुन्या डिझेल गाडीच्या मागे घाट चढलेल्या माणसाला काळ्या धुराबद्दल वेगळे सांगावे लागत नाही. तक्रार आहे ती या बदलानंतर ग्राहकाला काय सांगितले जाते याबद्दल.

एजन्सीत पाऊल ठेवताच सल्ला मिळतो, ‘सीएनजी घ्या, अॅव्हरेज चांगले पडते.’ शहरात फिरणाऱ्यासाठी हा सल्ला योग्य असेल. आमच्याकडे महामार्गावर सीएनजी पंप झाले आहेत, परंतु तालुक्याच्या आतल्या गावांमधून गॅससाठी महामार्गावर यायचे, रांगेत उभे राहायचे आणि परत जायचे, यात होणारा खर्च अॅव्हरेजच्या आकड्यात धरलेला नसतो. सिलिंडर जागा आणि वजन दोन्ही घेतो, त्याची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाखाली तपासणी, करून प्रमाणपत्र घ्यावे लागते, आणि गॅसवर इंजिनाची ओढ कमी होते, हे मुद्दे विचारल्याशिवाय निघत नाहीत. विजेच्या गाड्यांबाबत माझे मत अनुकूल आहे. रोजची धाव ठरलेली असेल, रात्री गाडी दारात उभी राहत असेल आणि घरचा वीजपुरवठा खात्रीचा असेल, तर दूध किंवा पाव पोहोचवणाऱ्याने तिचा विचार आधी करावा. ज्याला सकाळी कोणत्या वाडीत जायचे हे फोन आल्यावर कळते आणि वादळात दोन-दोन दिवस लाइट नसते, त्याला मात्र आज ती गाडी पुरत नाही.

आता डिझेलकडे वळतो, कारण खरी अडचण तेथेच आहे आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. बीएस-६ निकषांतल्या बऱ्याच डिझेल गाड्यांच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारी जाळी असते, जिला सगळे डीपीएफ म्हणतात. अडकलेली काजळी जाळून टाकण्यासाठी त्या जाळीचे तापमान सहाशे अंशांच्या आसपास जावे लागते आणि त्यासाठी गाडी ठरावीक काळ न थांबता, बऱ्यापैकी वेगात चालावी लागते. महामार्गावर धावणाऱ्या गाडीत हे आपोआप होते. आमच्यासारख्याची गाडी मात्र दुकानातून निघून चार किलोमीटरवरच्या विहिरीवर थांबते, तेथून दोन किलोमीटरवरच्या बागेत जाते आणि परत येते. इंजिन पुरते तापायच्या आत बंद होते, जाळी तुंबत जाते, काजळी जाळण्याचा प्रयत्न अर्धवट राहिल्यामुळे जास्तीचे डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरून ऑइल पातळ होते, आणि मग एक दिवस डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. त्याकडे दुर्लक्ष केले की गाडी ताकद कमी करते. गावातल्या मेस्त्रीला यात फारसे काही करता येत नाही, एजन्सीत नेऊन कॉम्प्युटर जोडून काजळी जाळावी लागते, आणि जाळीच बदलायची वेळ आली तर तो खर्च छोट्या व्यावसायिकाचे महिन्याचे गणित मोडून टाकतो. आमच्या शेजारच्या गावातील एका बेकरीवाल्याच्या गाडीचे नेमके हेच झाले. त्याची फेरी लहान लहान थांब्यांची होती, हे गाडी विकणाऱ्याला ठाऊक होते, तरीही या जाळीबद्दल त्याला एक शब्द सांगितला गेला नव्हता.

काही गाड्यांना धुरातले घातक वायू कमी करण्यासाठी वेगळ्या टाकीत डीईएफ लागते, ज्याला बोलीत सरळ ‘युरिया’ म्हणतात. हे शुद्ध पाण्यातील ३२.५ टक्के युरियाचे द्रावण असते. नावामुळे होणारा घोटाळा गंभीर आहे, कारण शेतासाठी आणलेल्या पोत्यातला युरिया पाण्यात विरघळवून टाकीत ओतण्याचा विचार कोणाच्याही मनात येऊ शकतो. तो युरिया २०१५ पासून निमलेपित असतो आणि शुद्धतेच्या दृष्टीनेही या यंत्रणेसाठी नसतो. त्याने पंप, नोझल आणि पुढची महागडी यंत्रणा निकामी होते. डीईएफची टाकी पूर्ण रिकामी झाली तर अनेक गाड्या बंद केल्यानंतर पुन्हा सुरू होत नाहीत. टाटांनी २०२५ मध्ये आणलेल्या एस गोल्ड प्लस डिझेलमध्ये या द्रावणाची गरज न लागणारे तंत्र वापरले आहे, म्हणजे कंपन्यांनाही ही अडचण समजलेली आहे. मग कोणत्या गाडीत काय आहे, कोणत्या प्रकारच्या धावेला ती योग्य आहे आणि कोणत्या धावेला नाही, हे माहितीपत्रकात मोठ्या अक्षरांत का छापले जात नाही?

बॉडीबाबतही असेच घडते. गाडीची भारक्षमता साडेसातशे किलो सांगितली जाते, परंतु हौद्यावर अँगल आणि पत्र्याची बंद बॉडी चढवली की दीड-दोनशे किलो सहज तिच्यातच जातात आणि माल तेवढा कमी भरावा लागतो. तो कमी भरला जात नाही, हे आपण सगळेच रस्त्यावर पाहतो. त्याचा परिणाम पाटे, टायर आणि ब्रेक यांवर होतो आणि घाटाच्या उतारावर तो जिवावर बेततो. बांधलेली बॉडी आरसी पुस्तकावर नोंदवलेली नसेल, तर मोटार वाहन कायद्यानुसार तो विनापरवानगी बदल ठरतो आणि अपघातानंतर विमा कंपनीशी वाद उभा राहतो. ‘ते सगळे आम्ही करून देतो’ एवढ्या तोंडी आश्वासनावर या गोष्टी सोडणे योग्य नाही. चाचणीसाठी मिळणारी गाडीही रिकामी असते आणि सपाट महामार्गावर दोन किलोमीटर फिरवून परत घेतली जाते. ज्या गाडीला उद्यापासून भार घेऊन चढ चढायचा आहे, ती भार घालून चढावरच पाहता आली पाहिजे, कारण क्लच, पहिला गिअर आणि हँडब्रेक यांची खरी पारख तेथेच होते.

कागदपत्रांच्या बाजूने काही गोष्टी ग्राहकाच्या हिताच्या आहेत, पण त्याही त्याला कळत नाहीत. एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. हलक्या वाहनाचा परवाना असलेल्या चालकाला ७,५०० किलोपर्यंतचे मालवाहू वाहन चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू वाहनांवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, आणि जीएसटीची नियमित नोंदणी असलेल्या व्यावसायिकाला मालवाहू गाडीवर भरलेला हा कर पुढे भरायच्या जीएसटीतून वजा करून घेता येतो. पाच आसनी खासगी गाडी घेतली तर ही वजावट मिळत नाही. पांढऱ्या पाटीची प्रवासी गाडी घेऊन तीत माल वाहण्याची जी पद्धत सर्रास दिसते, तिच्यात कराचा हा लाभ तर जातोच, शिवाय अपघातात विम्याचा दावाही अडचणीत येतो.

सर्वांत मोठी अनिश्चितता मुंबईची आहे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणाची स्वतःहून दखल घेतलेल्या प्रकरणात, मुंबई महानगर क्षेत्रातून पेट्रोल आणि डिझेल वाहने टप्प्याटप्प्याने बाद करता येतील का, याचा अभ्यास करण्यास सांगितले आणि राज्य शासनाने त्यासाठी समिती नेमली. कोकणातील आंब्याच्या पेट्या वाशीच्या बाजारात जातात, आणि हंगामात पिकअपच्या रांगा रात्रभर महामार्गावर असतात. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल वाहनांवर हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी घातली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली, आणि चालत्या गाड्या मालकांना मिळेल त्या भावात विकाव्या लागल्या. आज पाच वर्षांच्या हप्त्यांवर डिझेल गाडी घेणाऱ्या बागायतदाराला ती वाशीपर्यंत किती वर्षे नेता येईल, हे त्याला आज कळले पाहिजे. निर्णय कोणताही असो, तो आधी जाहीर व्हावा आणि आधीच नोंदणी झालेल्या बीएस-६ मालवाहू गाड्यांना त्यांचे कर्ज फिटेपर्यंत तरी संरक्षण मिळावे.

याच संदर्भात काही ठोस अपेक्षा मांडतो. परिवहन विभागाने मालवाहू गाडीच्या प्रत्येक विक्रेत्याला मराठीतील एक पानी माहितीपत्र देणे बंधनकारक करावे, ज्यात धूर शुद्ध करणारी यंत्रणा, तिला लागणारी किमान सलग धाव, डीईएफची गरज, वॉरंटीत न येणारे भाग आणि बॉडीसह उरणारी खरी भारक्षमता नोंदवलेली असेल आणि त्यावर ग्राहकाची सही घेतली जाईल. विक्रेत्यांनी ग्राहकाच्या नेहमीच्या वजनासह चढावर चाचणी द्यावी. कंपन्यांनी बंद बॉडीची, कारखान्यातूनच नोंदणीसह येणारी छोटी डिझेल व्हॅन पुन्हा देण्याचा विचार करावा. डोंगराळ तालुक्यांत तिला ग्राहक आहे. आपल्या दैनिकाकडेही एक विनंती आहे. पुढच्या वाहन पुरवणीत निदान दोन पाने या गाड्यांसाठी राखून ठेवावीत, आणि त्यांत कंपनीने दिलेल्या अॅव्हरेजऐवजी चिपळूण, गगनबावडा, भोर किंवा अकोले अशा ठिकाणी रोज भार वाहणाऱ्या चालकांचे आणि गॅरेजवाल्यांचे म्हणणे छापावे.

आपला नम्र,
एक पंप दुरुस्ती व्यावसायिक
ता. लांजा, जि. रत्नागिरी