गासिमपर्यंत तरी बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत हॉलिवूडचे जुने भव्य सिनेमे आता बघवतात का, यावर जे लिहून आलं ते मी दोनदा वाचलं. त्यात 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'ला, म्हणजे पहिल्या महायुद्धात तुर्कांविरुद्ध अरबांबरोबर लढलेल्या लॉरेन्स या इंग्रज अधिकाऱ्यावरच्या सिनेमाला, अगदी चार ओळींत निकालात काढलंय, वाळवंट छान आहे पण गोष्ट काय तर गोरा साहेब येतो, अरबांना लढायला शिकवतो आणि हिरो होऊन जातो, आजच्या पोरांना हे कशाला बघायला लावायचं. हे वाचून मला राहवलं नाही. कारण मी नुकताच हा सिनेमा एकवीस वर्षांच्या पोरीबरोबर बसून बघितलाय, आणि तिचंही सुरुवातीला हेच म्हणणं होतं.

मी स्वतः तो कॉलेजात असताना पहिल्यांदा बघितला, व्हिडिओ कॅसेटवर. चित्र टीव्हीत मावावं म्हणून दोन्ही बाजूंनी कापलेलं, त्यामुळे बोलणाऱ्या दोघांतला एक कायम चौकटीच्या बाहेर. तरी आवडला होता. गेल्या महिन्यात भाची सुट्टीला आली, इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, तिला म्हटलं चल बघूया, दोन रात्रीत बघू, कारण नीट केलेली प्रत पावणेचार तासांची आहे. सुरू केला तर पडद्यावर काही नाही, नुसता काळोख आणि मॉरिस जारचं संगीत, चार मिनिटं. ती म्हणाली मामा, टीव्ही गेला वाटतं. मी म्हटलं थांब, हे असंच आहे, थेटरात लोक येऊन बसेपर्यंत हे वाजायचं.

पहिला तासभर तिच्या तक्रारी चालूच होत्या आणि खरं सांगायचं तर त्यातली एकही चुकीची नव्हती. अरब राजपुत्र फैसलचं काम करणारा ॲलेक गिनेस हा इंग्रज, तिने लगेच ओळखला, हा तर स्टार वॉर्समधला म्हातारा, याला अरब का केलाय. अँथनी क्विनला खोटं नाक लावून औदा हा टोळीप्रमुख केलाय. मग म्हणाली मामा, यात एकही बाई बोलली नाही अजून. मी म्हटलं शेवटपर्यंत बोलणार नाही. हे असंच आहे, यावर काही सारवासारव करता येत नाही आणि करूही नये. १९६२ साल होतं वगैरे मी सांगितलं पण ते कारण झालं, उत्तर नाही.

आता विहिरीचा सीन. लॉरेन्स आणि त्याचा वाटाड्या विहिरीवर थांबलेत, लांब मृगजळात एक काळा ठिपका थरथरतोय, तो ठिपका उंट होतो, मग उंटावर माणूस दिसतो, आणि कितीतरी वेळ तो नुसता येतोय, येतोय, संगीत नाही, कुणी बोलत नाही. छायाचित्रकार फ्रेडी यंगने यासाठी खास ४८२ मिलिमीटरची लेन्स वापरली होती. येतो तो अलीचं काम करणारा ओमर शरीफ, आणि आल्याआल्या त्या वाटाड्याला गोळी घालतो कारण तो त्याच्या टोळीच्या विहिरीचं पाणी प्यायला. मला वाटलं होतं हा सीन लांबला म्हणून पोरगी कंटाळणार. ती म्हणाली, आत्ताच्या सिनेमात हे तीन सेकंदांत उरकलं असतं आणि मग त्याची भीती वाटली नसती. लोक जो 'स्लो आहे, स्लो आहे' म्हणून बोभाटा करतात ना, त्यांना हे सांगावंसं वाटतं. वाळवंट किती मोठं आहे हे आकड्यात सांगून कळत नाही, ते ओलांडायला लागणारा वेळ बसून काढावा लागतो. तोच वेळ पुढे गासिमसाठी लागतो.

आता गासिम. लॉरेन्स पन्नास माणसं घेऊन नफूदचं वाळवंट ओलांडतो, तुर्कांच्या ताब्यातलं अकाबा बंदर मागून घ्यायचं म्हणून. वाळवंट जवळजवळ संपत आलंय, आणि सकाळी लक्षात येतं की एका उंटावर माणूस नाही. गासिम रात्री झोपेत खाली पडला. अली म्हणतो त्याची वेळ आली, हे लिहिलेलंच होतं. लॉरेन्स एकटा मागे वळतो. इकडे गासिम उन्हात चालतोय, अंगावरचा एकेक पट्टा, एकेक वस्तू टाकत चाललाय, आणि हा गासिम कोण आहे माहितीये का, आपला आय. एस. जोहर! 'जॉनी मेरा नाम'मधला तिहेरी भूमिकेतला जोहर. भाचीला तो माहीत नव्हता, मी सिनेमा थांबवून तिला सांगितलं. डेव्हिड लीनने जॉर्डनच्या वाडी रमपासून स्पेन, मोरोक्कोपर्यंत हिंडून काढलेल्या सिनेमात ज्याच्यावर सगळी गोष्ट फिरते तो माणूस आपल्याकडचा आहे हे मराठी पेपरात कुणी लिहीत कसं नाही, मला नेहमी नवल वाटतं.

लॉरेन्सच्या मागे लागलेल्या दोन पोरांपैकी एक, दाऊद, वाळवंटाच्या काठावर उंटावर बसून वाट बघतोय. लांब ठिपका दिसतो. आधी उंट जागचा हलत नाही, मग चालायला लागतो, मग दुडक्या चालीने, मग पोरगा जीव खाऊन उंट पळवतो आणि समोरून लॉरेन्स येतोय, मागे गासिम. मी हा सीन सहा-सात वेळा बघितला असेन आणि प्रत्येक वेळी घसा दाटून येतो. लॉरेन्स अलीला सांगतो, काहीच लिहिलेलं नसतं. त्याच रात्री अली त्याचा लष्करी युनिफॉर्म जाळतो आणि त्याला पांढरे अरबी कपडे मिळतात. सकाळी लॉरेन्स कुणी बघत नाही असं समजून ते कपडे फडफडवत पळतो, खंजीर काढून त्याच्या पात्यात स्वतःचं तोंड बघतो. इथपर्यंत तुमच्या पुरवणीतलं म्हणणं बरोबर आहे. गोरा साहेब हिरो झालाय.

पण मग अकाबावर हल्ला करायच्या आदल्या रात्री छावणीत खून होतो. अलीच्या माणसाने औदाच्या माणसाला मारलंय, आता दोन्ही टोळ्या एकमेकांचे गळे धरणार. लॉरेन्स म्हणतो मी कुठल्याच टोळीचा नाही, शिक्षा मी देतो. गुन्हेगार समोर गुडघ्यावर बसवलाय, मान खाली. मान वर करतो तर गासिम. तोच. लॉरेन्स सहाच्या सहा गोळ्या त्याच्यात रिकाम्या करतो. औदाला कळतं की गासिमला लॉरेन्सनेच वाचवला होता, तर तो म्हणतो, मग हे लिहिलेलंच होतं.

भाची उठून बसली. म्हणाली, म्हणजे याने वाचवला तो मारायलाच?

पुढे कैरोत लॉरेन्स जनरल ॲलनबीला सांगतो की मी एक माणूस मारला, आणि मला त्यात मजा आली. हे तो अभिमानाने सांगत नाही, घाबरून सांगतो, लॉरेन्स झालेल्या पीटर ओटूलचा चेहरा बघा तेव्हा. आणि वरिष्ठ काय करतात, त्याला बढती देऊन परत पाठवतात, कारण त्यांना काम करून घ्यायचंय. इंटरव्हलनंतरचा सगळा सिनेमा या एका वाक्याचा हिशोब आहे. आगगाड्या उडवतो, उलटलेल्या डब्याच्या टपावरून पांढऱ्या कपड्यात चालतो, अमेरिकन पत्रकार फोटो काढतो, आणि शेवटी तफस गावाजवळ पळून चाललेल्या तुर्की सैन्याला बघून कैदी घेऊ नका म्हणून ओरडत सुटतो. कत्तल झाल्यावर तोच खंजीर, परत पात्यात स्वतःचं तोंड बघतो, आता रक्ताने माखलेलं. ज्यांना हा गोऱ्या तारणहाराचा सिनेमा वाटतो ते हमखास इंटरव्हलला उठलेले असतात, हे मी आता ठामपणे म्हणायला लागलोय. तारणहाराचं असं सोलून काढणं आजच्या सिनेमांनाही जमत नाही.

आता जे पटत नाही तेही सांगतो. औदाला सोन्याच्या लालसेने आलेला दाखवलाय, खऱ्या औदाचा १९१७ च्या अकाबा मोहिमेत बरोबरीचा वाटा होता. त्याहून वाईट म्हणजे शेवटी दमास्कसमध्ये अरब लोक टेबलावर चढून भांडतायत, वीज बंद, हॉस्पिटलात पाणी नाही, म्हणजे यांना राज्य करता येत नाही असाच समज होतो. खरं तर १९१८ च्या ऑक्टोबरपासून जवळपास पावणेदोन वर्षं तिथे फैसलचा कारभार चालला आणि तो मोडला फ्रेंच फौजेने, १९२० च्या जुलैत. तो प्रदेश इंग्रज आणि फ्रेंचांनी १९१६ सालीच आपसात वाटून घेतला होता, सायक्स-पिको करार, हे सिनेमात येतं, पण घाईत येतं. माझ्या भाचीने दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना याच्यावरच मला तासभर पिडलं, कुठली सरहद्द कुणी काढली, मोबाइलवर नकाशे काढून. साठ वर्षांपूर्वीच्या सिनेमाने हे करवलं तर तो जुना झाला असं मी कसं म्हणू.

अजून एक गोष्ट आहे, ती सिनेमात नाही पण आपल्या लोकांनी लक्षात ठेवावी अशी आहे. अरबांकडे जायच्या आधी, १९१६ च्या एप्रिलमध्ये हाच लॉरेन्स मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कूत-अल-अमारापाशी गेला होता, तुर्कांना पैसे देऊन वेढा उठवता येतो का बघायला. वेढ्यात कोण होतं, इंग्रजांच्या हिंदी फौजेची सहावी पूना डिव्हिजन, तिच्यात मराठा पलटणी होत्या. तुर्कांनी नकार दिला, १३,००० च्या आसपास माणसं शरण आली आणि त्यातली कितीतरी कैदेत मेली. आमच्या सातारा जिल्ह्यात गावोगाव दगडी पाट्या आहेत, या गावातून इतके जण महायुद्धाला गेले, त्यातले इतके परत आले नाहीत. त्या पाटीसमोरून आम्ही रोज एसटी पकडायला जातो. लॉरेन्सची गोष्ट लांबच्या वाळवंटातली आहे असं निदान आपण तरी म्हणू नये.

शेवटी एक विनंती आहे आणि पत्र लिहायचं खरं कारणही तेच आहे. हल्ली जुने हिंदी सिनेमे परत थेटरला लागतात आणि तरुण पोरं तिकीट काढून जातात, मी स्वतः बघितलंय. हा सिनेमा ७० मिलिमीटरच्या रुंद फिल्मवर काढलाय, लॉरेन्स काडी फुंकर मारून विझवतो आणि पुढच्या क्षणी सगळा पडदा भरून वाळवंटातली पहाट, हा संकलक ॲन कोट्सने केलेला कट ४३ इंचाच्या टीव्हीवर बघून आम्ही दोघं गप्प बसलो होतो तर मोठ्या पडद्यावर काय होईल. तुमच्या पेपरचा शब्द चालतो, पुण्या-मुंबईतल्या एखाद्या फिल्म क्लबने किंवा मल्टिप्लेक्सने एका रविवारी सकाळी तो अख्खा लावावा यासाठी दोन ओळी छापा. आम्ही साताऱ्याहून येऊ, भाची तीन मैत्रिणी घेऊन येते म्हणालीये. इंटरव्हल सिनेमात जिथे आहे तिथेच करा, समोसे विकायला मध्येच तोडू नका, आणि सुरुवातीची ती चार मिनिटं दिवे बंद ठेवा.

आपला,
एक जुना वाचक, सातारा