दुसरा मंगळवार, चौथा मंगळवार आणि माझ्या पोरीचा कान : आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

मा. आरोग्यमंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सा. न. वि. वि.

साहेब, मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी पिठाची गिरणी चालवते. मालक ट्रकवर असतात, महिन्यातून आठ दिवस घरी. थोरला मुलगा चौथीत आहे, धाकटी सव्वातीन वर्षांची. पत्र धाकटीच्या कानासाठी आहे. तुमचा वेळ मोलाचा, म्हणून मुद्द्याचं आधी सांगते. गेल्या मंगळवारी तुमच्या खात्याच्या उपजिल्हा रुग्णालयात 'कान-नाक-घसा' अशी पाटी असलेल्या खोलीला कुलूप होतं. त्याआधीच्या दोन खेपांनाही होतं. या खेपेला कडीत जळमट दिसलं.

हा वार आणि ही खोली मी मनाने काढलेली नाही. ३ मार्चला, जागतिक श्रवण दिनाला, त्याच रुग्णालयाच्या आवारात मंडप घातला होता. 'श्रवण जपा' की काय असा फलक होता, खुर्च्यांना पांढरी कव्हरं होती, पाहुण्यांना शाल-श्रीफळ होतं. एका मोठ्या अधिकाऱ्यांनी माइकवर सांगितलं, की एप्रिलपासून दर दुसऱ्या आणि चौथ्या मंगळवारी कानाचे डॉक्टर इथेच येतील आणि ऐकू येण्याची तपासणी करायचं यंत्र दोन महिन्यांत बसेल. मी पोरीला कडेवर घेऊन मागच्या रांगेत उभी होते. टाळ्या वाजवल्या. आता वाटतं, त्या टाळ्या परत मागाव्यात.

पोरीचा कान पहिल्यांदा ठणकला तेव्हा ती नऊ महिन्यांची होती. तेव्हापासून सात वेळा झालं, त्यातलं पाचदा गेल्या वर्षभरात. मी सांगते म्हणून नका धरू. गिरणीतल्या कॅलेंडरवर दळणाच्या उधारीशेजारी मी तारखा लिहिल्यात. 'ज्वारी १२ किलो, बाकी', आणि खाली 'कान, डावा'. सर्दी होते, दोन दिवस नाक गळतं, तिसऱ्या रात्री आडवं केलं की किंचाळते. बसवलं की जरा थांबते. म्हणून मी भिंतीला पाठ लावून तिला छातीवर उभी धरून रात्री काढल्यात. पहाटे पाचला गिरणी उघडायची असते. पिठाला पोरीचं काही देणंघेणं नसतं.

एकदा रात्री दोनच्या सुमाराला ती रडता रडता एकदम गप्प झाली. मी देवाचे आभार मानले आणि झोपले. सकाळी उशीवर पिवळा डाग, कानामागचे केस चिकटलेले, वास येत होता. पडदा फुटला की पू बाहेर येतो आणि दुखणं थांबतं, हे मला नंतर कळलं. मी ज्याला आराम समजले ते तिचा कान फुटणं होतं.

सासूबाईंनी लसूण टाकून तेल कडकडीत तापवलं होतं. नशीब, कानात सोडायच्या आधी मी दवाखान्यात फोन केला. फुटलेल्या कानात तेल, पाणी काहीही घालायचं नाही. हे सांगायला मला खासगीत साडेतीनशे रुपये फी पडली. तुमची आशाताई हे फुकट सांगू शकली असती, पण तिच्याकडे म्हणे इतक्या नोंदी आणि इतकी ॲप आहेत, की कुणाच्या कानाकडे बघायला तिला डोकं वर काढता येत नाही.

खासगी डॉक्टरांनी चिठ्ठीच्या मागे चित्र काढून दाखवलं. घशाच्या मागून मधल्या कानाकडे एक नळी जाते. मोठ्या माणसाची लांब आणि उतरती असते, लहान पोरांची आखूड आणि जवळजवळ आडवी. सर्दीत ती सुजते, आत पाणी साचतं, त्यात जंतू वाढतात. मला लगेच समजलं. पीठ पडायच्या नळीला उतार नसला की पीठ तुंबतं, हे मी रोज बघते. पोर मोठं होत जातं तशी नळी उतरती होते आणि बहुतेकांचा त्रास कमी होतो. तोवर पोराला आडवं निजवून बाटली तोंडात द्यायची नाही, घरात धूर नको, औषध दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून सोडायचं नाही आणि मधून मधून कान कुणीतरी आतून बघायचा.

बाटली कधीच बंद केली. अंघोळीचं पाणी तापवायची चूल मागच्या दारी नेली. सासऱ्यांची विडी ओसरीवरून अंगणात आणि अंगणातून रस्त्यापलीकडे गेली, त्यावरून घरात आठ दिवस अबोला होता. ते गुलाबी पातळ औषध उकळून गार केलेल्या पाण्यात खुणेपर्यंत कालवून, मोजून, पूर्ण दिवस पाजलं, जुलाब झाले तरी. माझ्या वाटचं मी सगळं केलं साहेब. शेवटचं एक तुमच्या वाटचं होतं : कुणीतरी कान आतून बघायचा.

आता जे लिहिते ते लिहिताना हात जड होतो. धाकटी हाकेला 'ओ' देत नव्हती. गिरणी चालू असली की मलाच कुणाचं ऐकू येत नाही, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही. दळणाला आलेल्या बाया म्हणायच्या, पोरगी लाडावलीय. एकदा मोटारीच्या पट्ट्याच्या दिशेने चालली होती, मी तीनदा ओरडले, तिने मागे वळून पाहिलं नाही. जाऊन उचललं आणि पाठीत धपाटा घातला. ती माझ्याकडे बघत राहिली. तिला कशासाठी मारलं ते तिला कळलंच नव्हतं, कारण तिने काही ऐकलंच नव्हतं.

'साखर'ला ती 'आक' म्हणते. 'ताट'ला 'आत'. तुम्हाला आमची बोली वाटेल, पण नाही. बारीक आवाजाची अक्षरं तिच्यापर्यंत पोचतच नाहीत. शहरात नेऊन तपासणी केली. दोन्ही कानांत चिकट पाणी. विहिरीत बुडी मारल्यावर काठावरचं बोलणं जसं ऐकू येतं, तसं तिला जग ऐकू येतं. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, पुष्कळदा हे पाणी आपोआप ओसरतं. तीन महिने थांबू, मध्ये कान बघत राहू, नाहीच ओसरलं तर पडद्यात बारीक नळी बसवू, ग्रोमेट म्हणतात त्याला.

मध्ये कान बघत राहू. त्यासाठीच मला तुमचा दुसरा आणि चौथा मंगळवार हवा होता.

शहर आमच्यापासून ६४ किलोमीटर. एसटीत बायकांना अर्धं तिकीट केलंत आणि पाच वर्षांखालच्या पोराला तिकीट नाही, त्याचे उपकार मानते, खोटं नाही. पण जाऊन-येऊन गिरणी बुडते तो दिवस तुमच्या अर्ध्या तिकिटात बसत नाही. आजवर कानापायी माझे साडेअकरा हजार गेलेत. सहा रुपये किलोने दळते मी. साडेअकरा हजार म्हणजे एकोणीस क्विंटलच्या वर दळण, आणि त्यात विजेचं बिल धरलेलं नाही.

तुम्ही म्हणाल, महात्मा फुले योजनेत पाच लाखांचं संरक्षण दिलंय की. दिलंय. पोरीला दाखल करून शस्त्रक्रिया करायची वेळ आली, तर कदाचित तिथे माझी सोय होईलही. पण शस्त्रक्रियेपर्यंत जाऊच नये म्हणून जे लागतं, म्हणजे कान बघायचा माणूस, ऐकण्याची तपासणी, पातळ औषध, तिथे माझा पदर आणि माझी गाठ. १५ ऑगस्ट २०२३ पासून तुमच्या खात्याच्या दवाखान्यांत केसपेपरही फुकट केलात. छान. माझ्याकडे तीन फुकट केसपेपर आहेत. तिन्हींवर एकच ओळ आहे : 'जिल्ह्याला पाठवा'.

माझा भाचा संभाजीनगरला शिकतो. त्याने मोबाईलवर शोधून दिलं, की राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झाला तो आपल्याच पालघरमधून. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतची मुलं, अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणी. आणि ज्या तीसेक दुखण्यांसाठी मुलं तपासायची त्या यादीत कानाचा हा आजार नावानिशी आहे! वाचून मला हसू आलं. म्हणजे माझी पोरगी सरकारला दहा वर्षांहून जास्त काळ माहीत आहे, ती जन्मायच्या आधीपासून.

त्या कार्यक्रमाची तपासणीची गाडी आमच्या अंगणवाडीत आली होती. मी स्वतः हजर होते. वजन केलं, दंडाला पट्टी लावली, जीभ बघितली. कानाचं विचारलं तर बाईंनी मोबाईलच्या टॉर्चने बाहेरून बघितलं आणि कार्डावर 'सामान्य' लिहिलं. कानात बघायची ती छोटी दुर्बीण म्हणे पेटीत होती, सेल नव्हते. ऑनलाईन दोन-अडीच हजाराला दिसते ती. सेल कुठल्याही दुकानात मिळतात. बाईंना दोष देत नाही, एका दिवसात त्यांना दोन अंगणवाड्या उरकायच्या होत्या. पण ३ मार्चच्या मंडपाच्या भाड्यात किती सेल आले असते?

बहिरेपणा रोखायचा वेगळा राष्ट्रीय कार्यक्रमही आहे, २००७ पासून. त्यात लिहिलंय म्हणे, की देशात सहा कोटी तीस लाख लोकांना ऐकू येण्याचा मोठा त्रास आहे. मी भागाकार केला. लोकसंख्येच्या हिशेबाने महाराष्ट्राच्या वाट्याला अठ्ठावन्न-साठ लाख येतात. गिरणीवालीचा हिशेब आहे, चूक असेल तर तुमच्या खात्याने बरोबर आकडा छापावा, मी माफी मागेन. आणि २०१७ च्या आरोग्य धोरणात होतं, की २०२० पर्यंत राज्यांनी आपल्या अर्थसंकल्पातला आठ टक्क्यांहून जास्त पैसा आरोग्यावर घालावा. २०२० होऊन किती पावसाळे झाले? आपण आठाच्या आसपासही नाही. गिऱ्हाईकाने दहा किलो ज्वारी दिली आणि मी सहा किलो पीठ परत केलं, तर ते गिरणीसमोर तमाशा करतील. इथे कुणी विचारतही नाही.

चांगलं ते चांगलं म्हणते. न्यूमोनियाच्या जंतूवरची लस २०२१ मध्ये फुकट यादीत आली. दीड महिना, साडेतीन महिने, नऊ महिने, असे तिन्ही डोस धाकटीला मिळाले, वेळेवर, एक पैसा न देता. त्याने कानाचेही काही आजार टळतात, सगळे नाही. म्हणजे तुमच्याने होत नाही असं नाही. जिथे वरून लसीची कुपी येते तिथे होतं. जिथे एक माणूस दर पंधरा दिवसांनी खोली उघडून बसायला हवा, तिथे होत नाही.

गेल्या मंगळवारी शिपायाने सांगितलं, डॉक्टर डेप्युटेशनवर आहेत. कुठे? माहीत नाही. परत कधी? वरून ऑर्डर आली की. यंत्र? खोके आले होते, कोणत्या खात्याचे कुणास ठाऊक. मी अधीक्षकांच्या दाराशी गेले तर ते मीटिंगला, व्हिडिओवर. आत कुणीतरी मोठ्याने विचारत होतं, "माझा आवाज येतोय का? आवाज येतोय का?" मी पोरीला घेऊन बाहेर बाकड्यावर बसले. तिला तो आवाज येत नव्हता, मला मात्र स्वच्छ येत होता.

परतीच्या रिक्षात तिचा उजवा कान वाहायला लागला. आजवर डावाच होता.

मला तुमच्याकडून बालरुग्णालय नको, पुतळा नको, मंडप तर मुळीच नको. गाडीतल्या पेटीत सेल घाला. त्या कुलपाची किल्ली कुणाच्या खिशात आहे ते शोधा. आणि चौथ्या मंगळवारी, म्हणजे येत्या आठवड्यात, मी दहा वाजता तिथे उभी असेन. डॉक्टर येणार नसतील तर आदल्या दिवशी कळवा, म्हणजे मी सोमवारी रात्रीच ज्वारी दळून घेईन आणि सकाळची सातची एसटी पकडेन.

आपली,
एक गिरणीवाली

ता. क. : तुमच्या कार्यालयातून फोन येणार असेल तर दुपारी दोन ते चार करावा. त्या वेळी आमच्याकडे लाईट नसते, गिरणी बंद असते, मला ऐकू येतं.