खाजनातून पत्र

माशेल, गोवा

प्रिय मंदार,

फोनवर तू विचारलंस, पैसे मोजून घेतलेला चांगला डेटाबेस असताना तू पोस्टग्रेस या फुकट डेटाबेसच्या मागे का लागलास? तेव्हा गाडी चालवत होतो, धड बोलता आलं नाही. आज पाऊस धरून बसलाय, वीज आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आमच्याकडची खाजनं तू पाहिली आहेस. भरतीच्या पातळीहून खाली असलेली शेतं, भोवती मातीचा बांध, आणि बांधात मानस, म्हणजे पाण्याची ये-जा सांभाळणारी दारं. भरती आली की पाण्याच्या दाबानंच मानशीची दारं मिटतात, ओहोटीला उघडतात. एक बांध फुटला की खारं पाणी आत शिरतं आणि मग कोरगुट या खारं पाणी सोसणाऱ्या भाताशिवाय दुसरं काही तग धरत नाही, तेही नशीब असेल तर. कुळांच्या असोसिएशनला एवढंच हवं होतं: कुठली मानस खराब झाली तर तिच्याभोवती २०० मीटरात कोणाकोणाची शेतं येतात, ते चटकन कळावं. वहीत नावं होती, पण जागा नव्हत्या.

हे काम मी पोस्टजीआयएसवर केलं. पोस्टग्रेसला नकाशा शिकवणारी ही जोड. २००१ साली कॅनडातल्या रिफ्रॅक्शन्स रिसर्च या छोट्या कंपनीनं काढलेली. मला यातलं सगळ्यात भावतं ते हे की मूळ डेटाबेस न फोडता ती बसवता आली. १९८६ साली बर्कलेत मायकेल स्टोनब्रेकर यांनी पोस्टग्रेस सुरू केला, तेव्हाच बाहेरच्या माणसाला नवा डेटा टाइप, म्हणजे माहितीचा नवा प्रकार, आणि त्याच्यासाठी नवी क्रिया जोडता यावी अशी रचना ठेवली होती. आकडा आणि मजकूर यांच्या पंगतीला शेताचा बहुभुज बसला तो त्यामुळे. पुढे २००२ मध्ये क्यूजीआयएस हे नकाशाचं सॉफ्टवेअर सुरू झालं ते पोस्टजीआयएसमधला डेटा बघायला म्हणूनच, आणि २००९ मध्ये ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून केलेल्या जगाच्या नकाशानं आपला मुख्य डेटाबेस मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसवरून पोस्टग्रेसवर आणला. समोरासमोर झुंज देऊन कोणी कोणाला हरवलं नाही, मंदार. नकाशावाल्यांना त्यांचं काम होणारी जागा सापडली, आणि ते आले तेव्हा डेटाबेसही त्यांच्याबरोबर घरात आला. अलीकडे एआयवाल्यांचं तसंच झालंय. २०२१ मध्ये पीजीव्हेक्टर ही पोस्टग्रेसची आणखी एक जोड आली आणि ज्यांच्याकडे पोस्टग्रेस आधीच होता, त्यांना अर्थसाधर्म्यानं, म्हणजे शब्द वेगळे असले तरी अर्थ जुळतो का ते बघून, शोधायला वेगळा डेटाबेस मांडायची गरज उरली नाही.

पहिले दोन दिवस मात्र मी हैराण झालो. सगळ्या मानशी नकाशावरून गायब! शोधतो तर नॉर्वेच्या उत्तरेला, थेट समुद्रात. अक्षांश आधी, रेखांश नंतर, असं मी भरलं होतं, आणि पोस्टजीआयएसला उलट क्रम लागतो. ते सुधारलं तर २०० मीटरात सगळ्या जगातली शेतं येऊ लागली. डेटा अंशांत होता आणि मी २०० म्हणत होतो, म्हणजे २०० अंश! जागांचा कॉलम 'जिओग्राफी' या प्रकारचा केला, अंतर मीटरात मोजलं गेलं आणि एका ओळीच्या क्वेरीनं नऊ कुळांची नावं पडद्यावर आली. त्यातली सात मला ओळखीची होती. मी बराच वेळ नुसता बघत राहिलो.

तुझी एक शंका रास्त आहे. बिघडलं तर ओरडायला कोणी विक्रेता नाही. बॅकअप माझाच, रात्री अकराला मीच घेतो. पण असोसिएशनकडे वर्षाकाठी लायसन्सचे पैसे कुठून येणार? इथं परवान्यासाठी दमडी लागत नाही, आणि उद्या मी इथं नसलो तरी कोणीही शिकलेला पोरगा ते पुढे चालवू शकतो.

परवा छापलेला नकाशा असोसिएशनच्या बैठकीत नेला. एका म्हाताऱ्या कुळानं बोट ठेवून विचारलं, "हांगा पोंयीकडली मानस खंय?" म्हणजे इथली पोंयीजवळची मानस कुठे? नकाशावर ती खरंच नव्हती. मातीत अर्धी बुजलेली, मला दिसलीच नव्हती. चवथीला येशील तेव्हा तुझं ते हातातलं जीपीएस घेऊन ये. ओहोटीची वेळ साधून दोघं जाऊ, त्या म्हाताऱ्यालाही बरोबर घेऊ आणि ती मानस नोंदवून टाकू.

तुझा,
सुहास