किमान वेतनाची तारीख ठरवा: कामगार मंत्र्यांना इचलकरंजीहून पत्र

प्रति,
मा. कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

10 डिसेंबर 2025

महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी इचलकरंजीतला खर्चीवाला यंत्रमागधारक आहे. म्हणजे सूत व्यापाऱ्याचं, कापडही व्यापाऱ्याचं. माझे फक्त माग, शेड, वीजबिल आणि कामगार. विणून दिल्याची मजुरी मला पिकावर, म्हणजे कापडातल्या आडव्या धाग्यांच्या मोजणीवर मिळते. वडिलांनी आठ मागांवर सुरुवात केली, आज सोळा साधे माग आहेत. दोन पाळ्यांत मिळून चार विणकर, कांड्या भरणाऱ्या दोन बायका आणि गरजेला येणारा एक जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, एवढाच माझा कारखाना.

किमान वेतन वाढवावं की नाही, आणि वाढवायचं तर आत्ता की नंतर, यावर मालकांच्या बैठकांत मी वीस वर्षं बसतो आहे. तिथे जे बोलतो ते एक आणि रात्री हिशेबाची वही मिटताना मनात येतं ते दुसरं. दुसरं जे आहे ते आपल्याला कळवावं म्हणून हे पत्र.

"वाढवू नका" असं बैठकीत सहसा कोणी म्हणत नाही. सगळे म्हणतात, "वाढवा, पण ही वेळ नव्हे." नोटबंदी आली तेव्हा ती वेळ नव्हती. लगेच जीएसटी आला, तेव्हा नव्हती. कोरोनात तर विषयच नव्हता. सूत महागलं की वेळ नसते, कापडाचा उठाव थांबला की नसते, आणि धंदा बरा चालला तर मागचं कर्ज फेडायचं असतं. मीही हेच बोललो आहे. वीस वर्षांत योग्य वेळ एकदाही आली नाही, यावरून मला एवढंच कळलं की ती वेळ ठरवायचं काम आमच्याकडे ठेवू नये.

कायदा करणाऱ्यांना हे कळलं होतं. किमान वेतनाचं विधेयक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मजूर मंत्री असताना एप्रिल 1946 मध्ये केंद्रीय विधिमंडळात मांडलं. 1948 साली त्याचा कायदा झाला. त्यात दरांचा फेरविचार जास्तीत जास्त पाच वर्षांत करा असं लिहिलं होतं. यंदा 21 नोव्हेंबरला त्या कायद्याच्या जागी केंद्राची नवी वेतन संहिता लागू झाली, तिच्यातही पाच वर्षांचीच मुदत आहे, फक्त मागे 'सर्वसाधारणपणे' असा एक शब्द जोडलेला आहे. त्या एका शब्दाची मला धास्ती वाटते. आमच्या धंद्यात 'साधारणपणे पंधरा दिवसांत पैसे' असं जो व्यापारी म्हणतो, त्याचे पैसे तीन महिन्यांनी येतात.

कोणी म्हणेल, दर सहा महिन्यांनी विशेष भत्ता वाढतोच की. वाढतो, पण तो महागाईची भरपाई करतो. कामगार होता तिथेच उभा राहतो. मूळ दर बदलला तरच तो एक पाऊल पुढे टाकतो. शिवाय मूळ दर ज्या काळात ठरला त्या काळातल्या गरजा त्यात धरलेल्या असतात. दहा वर्षांपूर्वीच्या कुटुंबाला मुलाच्या अभ्यासासाठी मोबाइलचं रिचार्ज लागत नव्हतं.

या गरजा मोजतात कशा, ते मी समजून घेतलं. 1957 च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेनं माप घालून दिलं. कमावणारा पुरुष 1, त्याची बायको 0.8, दोन मुलं प्रत्येकी 0.6, असे तीन घटक. प्रत्येकाला रोज 2700 कॅलरी, वर्षाला कुटुंबाला 72 वार कापड, शिवाय भाडं आणि जळण-दिवाबत्ती. पुढे रॅप्टाकोस ब्रेट खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं शिक्षण, औषधपाणी, सणवार, लग्नकार्य आणि म्हातारपण यांसाठी आणखी 25 टक्के धरायला सांगितलं. त्या काळात हे मोठंच पाऊल होतं. पण माझ्याकडची कांडीवाली बाई स्वतः कमावते, घरचंही सगळं करते आणि तिची सासू तिच्याच ताटात जेवते. या मापात ती बाई 0.8 आहे आणि सासूसाठी रकानाच नाही.

भाड्याचं तर विचारूच नका. केंद्रानं 2020 मध्ये काढलेल्या नियमांच्या मसुद्यात घरभाडं धरलं आहे अन्न आणि कपड्यांवरच्या खर्चाच्या 10 टक्के. कुटुंबाचा किराणा, दूध, भाजी, कपडे मिळून महिन्याला दहा हजार झाले तर भाडं एक हजार रुपये. माझ्याकडचे दोन विणकर एका पत्र्याच्या खोलीत राहतात आणि दोघांत मिळून साडेतीन हजार भरतात, वीज वेगळी. एक हजारात आमच्या गावात जनावराचा गोठाही कोणी देणार नाही. मुंबई-पुण्याची गोष्ट आपण माझ्याहून जास्त जाणता. म्हणून माझी पहिली विनंती: राज्याचे दर ठरवताना त्या 10 टक्क्यांवर विसंबू नका. प्रत्येक परिमंडळात, म्हणजे दरांसाठी पाडलेल्या गावा-शहरांच्या गटात, माणसं पाठवून खोल्यांची खरी भाडी विचारून घ्या. हे काम दोन महिन्यांचं आहे.

आता तारखेचं.

आमच्या गावात याचा अनुभव आहे. विठ्ठलराव दातारांनी 1904 साली इथे पहिला यंत्रमाग लावला, तेव्हापासून मजुरीवरून किती संप झाले याची गणती नाही. 2013 च्या सुरुवातीला यंत्रमाग कामगारांचा मोठा संप झाला. त्यानंतरच्या तोडग्यात मजुरी महागाईच्या निर्देशांकाला जोडली गेली, वाढ दरवर्षी 1 जानेवारीला जाहीर व्हायची असं ठरलं. 2015 मध्ये सायझिंग कामगार सुधारित किमान वेतनासाठी आठवडेन् आठवडे संपावर होते. सायझिंग म्हणजे सुताला खळ देऊन ते बीमवर, मागाला लावायच्या मोठ्या रुळावर, गुंडाळणं. ते थांबलं की बीम मिळत नाही, आणि बीम नसेल तर माग म्हणजे नुसतं लोखंड. तेव्हा माझे सगळे माग बंद होते. कामगारांना जेवढं द्यायला आम्ही नाही म्हणत होतो, त्याहून जास्त त्या बंदमध्ये गेलं.

1 जानेवारीची ती वाढ सगळ्या शेडमध्ये मिळते असं मी म्हणणार नाही. पण तारीख माहीत असल्यानं एक झालं: डिसेंबरमध्ये मी व्यापाऱ्याला सांगू शकतो की पुढच्या महिन्यापासून माझा खर्च वाढतो आहे, पिकाचा दर बघा. तो कधी बघतो, कधी नाही, पण बोलायला आधार असतो. वाढ अचानक आली आणि मागच्या महिन्यांपासून लागू झाली की मला फरकाची रक्कम खिशातून भरावी लागते. कापड केव्हाच विणून गेलेलं असतं. पाच वर्षांची वाढ एकदम अंगावर घेण्यापेक्षा दरवर्षी थोडी, सहा महिने आधी सांगून आली तर लहानातला लहान मालकही ती पेलतो. मूळ दराचा फेरविचार कोणत्या वर्षी, कोणत्या तारखेला, हे आजच जाहीर करा. 'योग्य वेळ आली आहे का' हा प्रश्न मग कोणी विचारणारच नाही.

दुसरी गोष्ट गावांची. इचलकरंजीत मजुरी वाढली की व्यापारी म्हणतो, मी भिवंडीला विणून घेतो. भिवंडीत वाढली की मालेगाव, नाहीतर सांगलीकडचं विटा. सगळीकडे एकाच दिवशी वाढली तर गुजरात आणि तामिळनाडू आहेतच. चांगला पगार देणारा मालक इथे मार खातो. म्हणून आपण केंद्राकडे तळवेतनाचा, म्हणजे देशात कुठेही ज्याच्या खाली जाता येणार नाही अशा दराचा, आग्रह धरावा. देशपातळीवरचं किमान वेतन 1 जून 2017 पासून रोज 176 रुपये ठरलं, आणि तेही कोणावर बंधनकारक नव्हतं. डॉ. अनुप सत्पथी यांच्या समितीनं 2019 मध्ये 375 रुपये सुचवले, तेही 2018 च्या किमतींवर. तो अहवाल तसाच राहिला. त्याच केंद्र सरकारनं आपल्या अखत्यारीतल्या बांधकाम, साफसफाई आणि हमालीच्या कामांना मोठ्या शहरांत 1 ऑक्टोबर 2024 पासून अकुशल कामगाराला 783 रुपये रोज ठरवले. एकाच सरकारचे हे दोन आकडे आहेत, एक दुसऱ्याच्या चौपटीहून मोठा. माणसाला जगायला काय लागतं हे सरकारला नीट माहीत आहे, असाच याचा अर्थ मी घेतो. नव्या संहितेनुसार केंद्रानं तळवेतन ठरवलं की कोणत्याही राज्याला त्याखाली जाता येणार नाही. हे कलम आमच्यासारख्या गावांसाठी फार मोलाचं आहे. ते कागदावर राहू देऊ नका.

आता जे बैठकीत कोणी बोलत नाही ते लिहितो. मी काही धुतल्या तांदळासारखा नाही.

माझ्या शेडमध्ये बारा तासांची पाळी आहे. किमान वेतनाचा रोजचा दर आठ तासांचा असतो. वरच्या चार तासांना कायद्यानं दुप्पट, म्हणजे बारा तास काम करणाऱ्याला सोळा तासांचे, बरोबर दोन दिवसांचे पैसे मिळायला हवेत. आमच्याकडे मजुरी मीटरवर असल्यानं हा हिशेब कोणी मांडतच नाही. 52 पिकांच्या, म्हणजे इंचाला 52 आडवे धागे असलेल्या कापडाचा एक मीटर म्हणजे धोट्याच्या दोन हजारांवर फेऱ्या. आठ मागांमधून फिरत, तुटलेले धागे जोडत माणूस असे मीटर मोजतो. बीम संपलं आणि सायझिंगवरून दुसरं यायला दोन दिवस लागले तर माग उभा आणि त्याची मजुरीही उभी. कायदा असं म्हणत नाही. मालकाकडे काम नाही म्हणून बसून राहावं लागलं, तर कामावर आलेल्या माणसाला दिवसाचं किमान वेतन मिळालं पाहिजे, हे 1948 पासून लिहिलेलं आहे. मी ते कित्येकदा दिलेलं नाही. मागच्या वर्षापासून अर्धं देतो. 1982 साली एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की किमान वेतनाहून कमी पैशात काम करून घेणं ही वेठबिगारीच आहे. हे वाचल्यावर मला काही दिवस शेडमध्ये विणकरांच्या नजरेला नजर देता आली नाही.

मजुरी वाढली तर माग बंद पडतील, कामगारच देशोधडीला लागतील, असं आपल्याला सांगणारे भेटतील. त्यांना विचारा, गेल्या पंधरा वर्षांत जे साधे माग भंगारात गेले ते जास्त मजुरीमुळे गेले का? माझ्या गल्लीतल्या दोन शेड बंद झाल्या. एक सुताच्या भावानं, दुसरी व्यापाऱ्यानं पैसे बुडवल्यानं. तिथली मजुरी गावात सर्वांत कमी होती, तरी ती त्यांना वाचवू शकली नाही. आणि जे मालक वाढ नको म्हणतात तेच दुसऱ्या वाक्यात कामगार मिळत नाहीत अशी तक्रार करतात. इथली पोरं कागलच्या एमआयडीसीत जातात, कारण तिथे आठ तासांनी भोंगा होतो आणि महिन्याला ठरलेला पगार हातात पडतो.

यंत्रमागाला सरकार वीजदरात सवलत देतं. मार्च 2024 मध्ये 27 अश्वशक्तीपेक्षा कमी जोडणीला युनिटमागे आणखी 1 रुपया आणि त्यावरच्यांना 75 पैसे जादा सवलत जाहीर झाली. हा जनतेचा पैसा आहे. त्याला किमान वेतनाची अट घाला. पगार बँकेत जमा केल्याचा कागद दाखवेल त्यालाच सवलत. माझे सहकारी हे वाचून माझ्यावर चिडतील, पण दंडापेक्षा याचा उपयोग जास्त होईल. निरीक्षक वर्षातून एकदा येतो, वीजबिल दर महिन्याला.

आणि व्यापाऱ्यालाही यात आणा. किमान वेतन वाढलं की खर्चीच्या दरात त्याचा वाटा किती, हे कामगार, यंत्रमागधारक आणि व्यापारी अशा तिघांना एकत्र बसवून आकड्यात ठरवा. लहान उद्योगांचे पैसे 45 दिवसांत द्यायचा कायदा 2006 पासून आहे. तो आमच्यापर्यंत पोचला तर कामगाराला वेळेवर देणं मला खूप सोपं जाईल.

1 जानेवारीला आता बावीस दिवस आहेत. निर्देशांकाप्रमाणे जी वाढ निघेल ती पूर्ण देणार, असं मी काल माझ्या चारही विणकरांना सांगितलं आहे. बीमसाठी माग थांबला तर आता अर्धा नाही, पूर्ण रोज. व्यापाऱ्याशी बोलणं अजून व्हायचं आहे. तो काय म्हणेल ते मला ठाऊक आहे. त्याला दाखवायला आपल्या विभागाचं, पुढच्या पाच वर्षांच्या तारखा लिहिलेलं एक पान माझ्या हातात असतं तर बरं झालं असतं.

आपला,
एक यंत्रमागधारक
इचलकरंजी, जि. कोल्हापूर