वांग्याच्या प्लॉटवरच्या मावशींना

मावशी, स. न.

शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात वांग्याच्या प्लॉटवर तुमच्या मागे मागे फिरत मी जे शिकले, त्याबद्दल हे जाहीर आभार.

माझा विषय होता वांग्याच्या वाणांमधली आनुवंशिक विविधता आणि त्यातून संकरासाठी आई-बाप निवडणं. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिसांनी १९३६ साली मांडलेलं डी-स्क्वेअर हे अंतर त्यासाठी काढतात. फळाची लांबी, घेर, वजन, फांद्या, फुलोऱ्याचे दिवस या सगळ्यांचा मिळून दोन वाणांत किती फरक आहे, हे एका आकड्यात येतं. मूळ पद्धत माणसांच्या शरीराच्या मापांवरून निघाली, असं सांगितल्यावर तुम्ही खुरपं न थांबवता म्हणालात, "मग सोयरिकीलाच वापरायची की!" खरं तर आम्हीही तेच करतो. भावकीत लग्न नको, म्हणून लांबचं स्थळ बघायचं.

पण या अंतरावरून वाणांचे गट पडले तेव्हा लांबलांबच्या गावांतून आणलेले वाण एकाच गटात आले. गावं लांब म्हणजे वाण लांब असं नसतं, हे पुस्तकात असतंच. कारण मात्र तुम्ही सांगितलंत: लेक सासरी जाताना पदरात बी बांधून नेते, उरलेलं आठवडी बाजारातून फिरतं. प्रबंधात मी तिथे 'बियाण्याची देवाणघेवाण' असे रुक्ष शब्द घातलेत. तुमचंच वाक्य घालायला हवं होतं, पण आमच्याकडे ते चालत नाही.

सगळ्यात लांबची जोडी निघाली तेव्हा तुम्ही विचारलंत, "ह्याचं वांगं घेणार कोण?" मांजरी गोटा या वाणासारखं जांभळं, पांढऱ्या रेघांचं, काटेरी देठाचं वांगं पुण्यात भरल्या वांग्यासाठी खपतं. त्याला जळगावी भरताचं मोठं हिरवट वांगं जोडलं, तर धड भरायचं नाही न् धड भाजायचं नाही असं फळ मार्केट यार्डात कोण उचलेल? शिवाय एक जण फुलावर येईपर्यंत दुसऱ्याचा बहर ओसरलेला. ते तर तुम्हाला तक्ता न बघताच ठाऊक होतं. अंतर हवंच, त्याशिवाय संकरात जोम येत नाही. पण दोन्हीकडचे वाण स्वतःच मरतुकडे असतील, तर नुसत्या अंतराने काय होणार? फार लांब गेलं की कष्टही वाढतात. भेंडीत परभणी क्रांती हा वाण पुसा सावनी या वाणाचा संकर वेगळ्याच प्रजातीशी करून काढला, पानं पिवळी पाडणाऱ्या केवडा रोगाला दाद न देणारा. पण संकर केला आणि झालं, असं नव्हतं. पुन्हा पुसा सावनीशी परतसंकर करून पुढे पिढ्यान् पिढ्या निवड करावी लागली.

आणि फुलं. संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी उमलणारी कळी धरून चिमट्याने पिवळे परागकोश काढायचे, कागदी पिशवी चढवायची, सकाळी दुसऱ्याचे पराग लावायचे. इतकं कुणीही शिकवतं. तुम्ही मात्र आधी कळीच्या पाकळ्या अलगद फाकवून दाखवल्यात: ज्याची मधली दांडी परागकोशांच्या वर आलीय तेच फूल धरायचं, आखूड दांडीच्या फुलाला फळ धरत नाही. त्यानंतर माझ्या पिशव्यांत फळं दिसायला लागली. पुस्तकात ह्यावर अख्खा परिच्छेद आहे, पण बोटाने दाखवलेलं डोक्यात बसतं.

प्रबंधाच्या आभाराच्या पानावर मार्गदर्शकांच्या लगेच खाली तुमचं नाव आहे. आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग हजेरीपटावरून उतरवलंय. नातीला एकदा बघायला सांगा आणि चुकलं असेल तर बाइंडिंगला जायच्या आधी कळवा.

तुमची,
वांगेवाली पोरगी