येझदीचे इंजिन आणि कोरी पाकिटे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

वडिलांची 1986 सालची येझदी रोडकिंग मोटारसायकल मी यंदा पुन्हा उभी केली. इंजिन पूर्ण खोलावे लागले. पिस्टन-रिंग किट 2,400, कनेक्टिंग रॉड किट 2,800, क्रँकची बेअरिंगे 1,150, क्लच प्लेटा 900, गॅस्केट सेट 250, क्रँकची दोन ऑइल सील, म्हणजे रबरी कड्या, 240. बोअर मारायला, म्हणजे पिस्टन ज्यात खालीवर होतो त्या ब्लॉकचे भोक मापात वाढवून घ्यायला, 500, क्रँक प्रेसवर खोलून परत जुळवायला 1,200 आणि मिस्त्रींची मजुरी 3,000. एकूण 12,440 रुपये झाले आणि ते मी आनंदाने दिले. याच गाडीच्या टाकीवर बसून मी शाळेत गेलो आहे. माझी तक्रार त्यानंतर गेलेल्या 5,210 रुपयांची आहे.

इंजिन नवे म्हणून मी चाळीसच्या वर पळवत नव्हतो, पेट्रोलमध्ये ऑइलही थोडे जास्तच टाकत होतो. 140 किलोमीटर झाले आणि पन्हाळ्याला जाताना वाघबीळच्या चढाला इंजिन जाम झाले. ब्लॉक काढला तर पिस्टनवर उभे ओरखडे. मला वाटले, पिस्टनच खराब निघाला. मिस्त्रींनी काही न बोलता क्रँकच्या एका टोकाचे सील उपसले आणि माझ्या तळहातावर ठेवले. रबर इतके कडक की त्यात नख रुतत नव्हते. आतली कड तीन ठिकाणी तडकली होती. टू-स्ट्रोक इंजिनात हे सील बाहेरची हवा क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनखालच्या बंद पेटीत, शिरू देत नाही. हवा शिरली की पेट्रोलचे प्रमाण कमी पडते, इंजिन तापते आणि पिस्टन फुगून ब्लॉकला धरतो. 120 रुपयांच्या सीलने 2,400 चा पिस्टन खाल्ला. मग पुन्हा पिस्टन, पुन्हा बोअर, गॅस्केट, सील, मजुरी.

मी उद्यमनगरात 27 वर्षे लेथवर आहे, त्यामुळे दुसऱ्या वेळी मायक्रोमीटर घेऊनच दुकानात गेलो. दुकानदाराने दोन पिस्टन पुढे ठेवले. मूळ बोअर 65 मिलिमीटरचा, आणि हे दोन्ही अर्धा मिलिमीटर ओव्हरसाइज, म्हणजे मूळ मापापेक्षा मोठे, दोन्हींवर 0.50 ठोकलेले. मोजले तर एकमेकांत 0.06 मिलिमीटरचा फरक! वाचकांना हा आकडा किरकोळ वाटेल, पण पिस्टन आणि ब्लॉक यांच्यात मोकळीकच जेमतेम एवढी ठेवायची असते. म्हणून तर जाणता बोरिंगवाला पिस्टन हातात आल्याशिवाय ब्लॉक मशीनवर चढवत नाही.

दोन्ही पाकिटांवर ‘ओरिजिनल’ एवढेच छापलेले. बनवणाऱ्याचे नाव नाही, महिना-वर्ष नाही, किंमत नाही. ओरिजिनल येणार कुठून? येझदी बनवणारा म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना 1961 साली सुरू झाला आणि 1996 साली बंद पडला. 2022 मध्ये येझदी हे नाव परत आले, त्याचा आम्हाला आनंदच झाला. पण ते इंजिन 334 सीसीचे, फोर-स्ट्रोक. त्याचा पिस्टन, त्याचा क्रँक आमच्या गाडीला लागत नाही. त्याच दुकानात घेतलेल्या बेअरिंगच्या खोक्यावर मात्र सगळे छापलेले होते. बेअरिंग नंबरावर मिळते, एका दुकानात महाग वाटले तर शेजारच्या दुकानात त्याच नंबराचे घेता येते. पिस्टन, रॉड किट, सील यांना तो आधार नाही. दुकानदार गिऱ्हाइकाचा चेहरा बघून भाव सांगतो, कारण गाडी अर्धी खोलून पडली आहे हे त्याला ठाऊक असते.

पाकीटबंद वस्तूंचे 2011 चे नियम स्पष्ट आहेत. बनवणाऱ्याचे किंवा पॅक करणाऱ्याचे नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि सर्व करांसह किंमत पाकिटावर हवीच. 22 सप्टेंबर 2025 पासून सुट्या भागांवरचा जीएसटी सरसकट 18 टक्के झाला. पूर्वी यातल्या बहुतेक भागांवर 28 टक्के होता. पण किंमतच छापलेली नसेल आणि पावती म्हणून वहीच्या कागदावर आकडे लिहून मिळत असतील, तर ते दहा टक्के कुणाच्या खिशात राहिले हे गिऱ्हाइकाने कसे ओळखायचे?

वजन-मापे आणि पाकिटावरचा मजकूर तपासणाऱ्या वैधमापनशास्त्र विभागाने दुचाकींच्या सुट्या भागांच्या दुकानांतली ही कोरी पाकिटे एकदा तपासावीत, अशी माझी विनंती आहे. आणि आमच्या कोल्हापूरच्या कारखानदारांनाही सांगणे आहे. शहरात आणि आसपासच्या गावांत जुन्या गाड्या जपणारी पुष्कळ माणसे आहेत. मापात बसणारा, तुमचे नाव ठोकलेला पिस्टन 3,500 ला दिलात तरी मी रांगेत उभा राहीन. दोनदा इंजिन खोलण्यापेक्षा तो स्वस्तच पडेल.

तडकलेले सील आणि दोन्ही कोरी पाकिटे मी टूलबॉक्समध्ये जपून ठेवली आहेत. विभागाचे कुणी आले तर दाखवीन.

आपला,
एक टर्नर, शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर